पैसा फंडाचे अंताजी काळे

एकोणिसावे शतक सरत आले होते. त्या काळी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत काचेच्या मोजक्याच वस्तू दृष्टीस पडत. सुवासिनींच्या हातांत काचेची कांकणे असत. थोड्याफार ऐपतीच्या घरी दिव्यावर काचेची चिमणी असे. आणि वैद्य-डॉक्टरांकडून औषधाची बाटली येई. श्रीमंतांच्या वाड्यांतून मात्र रंगीत हंड्या, बिलोरी झुंबरे आणि भिंतीएवढे आरसे झळकत. कोकणातील लांज्यासारख्या डोंगरांआडच्या गावातही सणावाराच्या आधी कासार येई आणि लेकीसुनांच्या हातांत हिरवा चुडा भरून जाई. हातात कांकण भरताना ते कोठे घडले, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नसे. वस्तुतः त्यांतील पुष्कळशी कांकणे ऑस्ट्रियासारख्या दूरदेशांतून आगबोटींनी आलेली असत. चिमण्या आणि झुंबरेही परदेशचीच. सौभाग्याचे लेणे आपले; पण ते घडविणारे हात परके, आणि त्याची किंमतही परदेशी जाणारी!

हे चित्र पालटावे, या देशातील तरुणांच्या हातांना नवे उद्योग शिकवावेत, असे ज्यांना तळमळीने वाटले, त्यांपैकी एक होते अंताजी दामोदर काळे. अंताजी हे संस्थानिक नव्हते, सावकार नव्हते, गिरणीमालकही नव्हते. त्यांच्यापाशी भांडवल असे काहीच नव्हते. होती ती एक कल्पना आणि ती तडीस नेण्याची चिकाटी.

तो काळ मोठा कठीण होता. १८९६ सालापासून महाराष्ट्रावर प्लेगाची धाड पडली होती. त्याच सुमारास एक दुष्काळ पडला आणि तो विसरतो न विसरतो तोच १८९९-१९०० साली दुसरा, अधिक भयंकर दुष्काळ आला. शेत पिकले नाही तर दुसरे काम नाही, आणि काम नाही म्हणून पोटाला भाकरी नाही, अशी लोकांची स्थिती झाली होती. शेतीला उद्योगाची जोड मिळाल्यावाचून ही दैना संपणार नाही, असे विचारवंत सांगत. परंतु उद्योगाला पैसा हवा, आणि तो आणावा कोठून, या प्रश्नापाशी सगळे अडत.

अंताजींनी या प्रश्नाचे फार साधे उत्तर शोधले. मोठ्या रकमा देणारे थोडे असतात. पण एक पैसा देऊ शकणार नाही असा माणूस विरळा. तेव्हा प्रत्येकाने वर्षाकाठी फक्त एक पैसा देशाच्या उद्योगासाठी द्यावा, अशी ही योजना होती. तिचेच नाव ‘पैसा फंड’.

त्या काळचा हिशेब आजच्याहून वेगळा होता. एका रुपयाचे सोळा आणे आणि एका आण्याचे चार पैसे होत. म्हणजे एका रुपयाचे चौसष्ट पैसे. चौसष्ट माणसांनी दान द्यावे तेव्हा एक रुपया जमणार. एक लाख माणसांनी एकेक पैसा दिला, तरी रक्कम व्हायची पंधराशे बासष्ट रुपये आठ आणे. एवढ्यात कारखाना कसा उभा राहावा? हिशेबी माणसांना ही योजना भाबडी वाटावी, यात नवल नव्हते.

दुसरी अडचण याहूनही बिकट होती. तेव्हा साध्या पोस्टकार्डालाच एक पैसा पडे. कोणाकडे पत्र पाठवून पैसा मागावा, तर मिळायचा तेवढा मागण्यातच खर्च होई! मनीऑर्डरीची हशील तर त्याहून कितीतरी जास्त. असे दान गोळा करण्याचा एकच मार्ग होता. दारोदार जायचे, माणसाला समक्ष भेटायचे, त्याला योजना समजावून सांगायची आणि हात पुढे करायचा. स्वतःसाठी हात पसरणे कठीण असतेच; पण लोकांसाठी हात पसरणेही सोपे नसते. नकार पचवावा लागतो, थट्टा सोसावी लागते, आणि एवढे करून मिळालेल्या प्रत्येक पैशाचा चोख हिशेब द्यावा लागतो. अंताजींनी हे व्रत पत्करले आणि ते गावोगाव हिंडू लागले.

हळूहळू लोकांच्या ध्यानात आले की या योजनेचे खरे बळ रकमेत नव्हतेच. धनिकाने हजार रुपये दिले तर कारखाना धनिकाचा होतो. पण शेतकऱ्याने, विद्यार्थ्याने, मोलकरणीने आपला पैसा दिला, की तो कारखाना त्या सर्वांचा होतो. लोकमान्य टिळकांना हे मर्म तत्काळ पटले. त्यांनी अंताजींच्या पाठीशी आपले वजन उभे केले आणि ‘केसरी’तून पैसा फंडाचा पुरस्कार केला. पुढे १९०५ साली बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची चळवळ देशभर पेटली, तेव्हा तर या पैशाला वेगळेच मोल आले. परदेशी माल नको, एवढे म्हणून भागत नाही. त्या जागी आपला माल ठेवता आला पाहिजे, हे लोकांना आता उमगू लागले होते.

जमलेल्या पैशातून कोणता उद्योग काढावा, याचा विचार होऊन काचेची निवड झाली. काच घरोघर लागते. पण ती करण्याची नवी विद्या शिकविणारे आपल्याकडे फारसे कोणी नव्हते. सुदैवाने ईश्वरदास वार्ष्णेय नावाचे एक उत्तर हिंदुस्थानी तरुण याच सुमारास जपानात आणि नंतर अमेरिकेत काचविद्येचे शिक्षण घेऊन परतले होते. त्यांच्या हाती हे काम सोपविण्यात आले. पुण्याहून मुंबईस जाणाऱ्या लोहमार्गावरील तळेगाव दाभाडे हे ठिकाण निश्चित झाले आणि १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस पाठविण्यात आले. मोठा आधार दूर गेला. पण तळेगावची भट्टी विझली नाही.

काच करणे हे काम दिसते तितके सोपे नाही. पांढरी शुद्ध वाळू, सोडा आणि चुना हे तिचे मुख्य घटक. त्यांचे मिश्रण उष्णता सोसणाऱ्या मातीच्या मोठ्या मुशींत घालून धगधगत्या भट्टीत ठेवतात. सुमारे चौदाशे अंश उष्णतेला वाळूचे कण वितळतात आणि मधासारखा दाट, तेजस्वी रस तयार होतो. कारागीर लोखंडाच्या लांब फुंकनळीच्या टोकाला तो रस घेतो, नळी सतत फिरवीत राहतो आणि दुसऱ्या टोकाने फुंकर घालतो. पाहता पाहता त्या रसाचा फुगा होतो. त्याला साच्यात धरले की बाटली होते, लांबविले की चिमणी होते, तोंड रुंदावले की हंडी होते. फुंकर जराशी जोराची झाली, नळी क्षणभर थांबली, की वस्तू वाकडी झालीच म्हणून समजावे.

रंगांची किमयाही अशीच नाजूक असते. मिश्रणात किंचित कोबाल्ट पडले की काच गर्द निळी होते. मँगनीज अधिक झाले की जांभळी. तांब्याने हिरवी-निळी छटा येते. वाळूत लोखंडाचा अंश राहिला, तर नको असतानाही काच हिरवट दिसू लागते. तेव्हा मोजून घातलेले थोडे मँगनीज तो हिरवेपणा झाकून टाकते. म्हणजे जे द्रव्य जास्त पडले तर रंग चढविते, तेच बेताने घातले तर रंग घालविते!

एवढे करूनही काम संपत नाही. तयार वस्तू तशीच उघड्यावर ठेवली, तर तिचा बाहेरचा भाग आधी निवतो, आतला मागाहून. आणि त्या ओढाताणीत ती केव्हातरी अचानक तडकते. म्हणून ती वेगळ्या भट्टीत ठेवून अगदी सावकाश निववावी लागते. उतावळेपणा काचेला मुळीच खपत नाही.

तळेगावचा कारखाना केवळ माल विकण्यासाठी नव्हता; ती एक शाळाच होती. येथे तरुणांनी भट्टीपाशी उभे राहून विद्या शिकावी आणि अन्यत्र जाऊन नवे कारखाने काढावेत, हा त्यामागील हेतू होता. या कारखान्याला नफा मागणारे भागीदार नव्हते. ज्यांनी पैसा दिला होता, त्यांनी तो परत मिळण्यासाठी दिलाच नव्हता. येथून शिकून गेलेले कारागीर निरनिराळ्या प्रांतांतील भट्ट्यांवर काम करू लागले. स्वतः वार्ष्णेय यांनी पुढे पंजाबात अंबाला येथे आणि त्यानंतर संयुक्त प्रांतात बहजोई येथे काचेचे कारखाने चालविले.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. युरोपातून येणारा काचमाल थांबला, आणि आपल्या देशात काच करता येणे किती निकडीचे आहे हे सर्वांनाच कळून चुकले. १९१६ साली श्रीपाद व गुरुनाथ ओगले या बंधूंनी कऱ्हाडजवळ, औंध संस्थानच्या हद्दीत काच कारखाना काढला. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना साहाय्य केले. त्या वसाहतीलाच ओगलेवाडी हे नाव पडले, आणि तेथे तयार झालेला ‘प्रभाकर’ कंदील पुढे महाराष्ट्रात घरोघर पोहोचला. वीज पोहोचण्यापूर्वी खेड्यापाड्यांतील कित्येक मुलांनी त्याच्या उजेडात अभ्यास केला.

या उद्योगाची वाट मात्र सोपी नव्हती. युद्ध संपताच परदेशी माल पुन्हा स्वस्तात येऊ लागला. देशी काचधंद्याला संरक्षण द्यावे, अशी शिफारस जकात मंडळाने १९३२ साली केली. परंतु काचेला लागणारा सोडा या देशात होत नाही, हे कारण पुढे करून सरकारने १९३५ साली ती नाकारली. अशा प्रतिकूल काळातही देशी भट्ट्या पेटत्या राहिल्या, त्या कारागिरांच्या कौशल्यावर आणि चिकाटीवर.

तळेगावची ती भट्टी प्रथम पेटली, तो काळ आता इतिहासात जमा झाला आहे. चौसष्टांचा रुपया होणारा जुना पैसाही १९५७ साली दशमान नाणी आल्यावर मागे पडला. पण अंताजी काळ्यांनी घालून दिलेला हिशेब खोटा ठरलेला नाही. वाळूचा एक कण हातावर घेतला, तर त्याचे मोल काय? तो फुंकरीसरशी उडून जातो. असे असंख्य कण एकत्र येऊन भट्टीची आच सोसतात, तेव्हाच त्यांतून प्रकाश आरपार जाऊ शकतो. माणसांच्या एकेका पैशाचेही अंताजींनी तेच केले.