वह्या इंद्रायणीत, अभंग कंठात

ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून श्रीतुकोबारायांची पालखी प्रस्थान ठेवते. पुणे आणि लोणी काळभोर मागे पडले की ती दौंड तालुक्यात प्रवेश करते. यवतचा मुक्काम आणि तेथील पिठले-भाकरी, वरवंडचा मुक्काम, मग पाटस आणि त्यापुढे रोटीचा घाट. घाटाच्या चढाला रथाचे बैल नेटाने ओढू लागतात, माणसांना दम लागतो, मृदंगाचा हात क्षणभर थांबतो. परंतु अभंग थांबत नाही. पुढच्या ओळीने चरण टाकला की मागच्या ओळीने ध्रुपद उचललेच. गाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या हाती गाथा असते, आणि कित्येकांना तर ती वाचताही येत नाही. मग हे शब्द या घाटापर्यंत आले कसे? ज्यांच्या वह्या नदीत बुडवल्या गेल्या असे परंपरा सांगते, त्यांचेच शब्द साडेतीनशेहून अधिक वर्षांनंतर ओठांवर इतके ताजे कसे? वारीच्या या पुण्यपर्वात तुकोबांच्या चरित्राकडे आम्ही याच एका प्रश्नाच्या अंगाने पाहू इच्छितो.

हा प्रश्न आमच्या मनात प्रथम उभा राहिला तो आमच्याच एका फजितीतून. चाळीसएक वर्षांपूर्वी रांजणगावी महागणपतीच्या क्षेत्री कीर्तनसेवा करून आम्ही एस.टी.ने शिरूरला निघालो होतो. पेटी आणि तबला साथीदारांबरोबर आधीच पुढे गेला होता. खिडकीशी बसलो असता तुकोबांच्याच एका अभंगाला एक नवी चाल सुचली. अशी गोड की ती आपल्याला कधी विसरता येईल, ही शंकाही मनाला शिवली नाही. शिरूरच्या स्थानकावर उतरलो, ओळखीचे गृहस्थ भेटले, चहापाणी झाले, आणि संध्याकाळी पेटीपुढे बसलो तो बोटे रिकामी! शब्द होते, राग आठवत होता. पण ती वळणे गेली ती गेलीच. कीर्तनकाराचे सारे धन कंठात असते, आणि त्या दिवशी आमच्या कंठाने आम्हांला दगा दिला. तेव्हापासून तुकोबांचे चरित्र वाचताना मनात एकच कुतूहल असे, की या पुरुषाने एवढे धन वाटेवर, रानात, डोंगरावर सांभाळले तरी कसे?

तुकोबांचा जन्म देहूस मोरे घराण्यात झाला. बहुतेक अभ्यासक 1608 हे जन्मवर्ष मानतात. वडील बोल्होबा, आई कनकाई. घरी विठ्ठलाची पूजा आणि पंढरीची वारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, आणि उपजीविका शेती, वाणसौदा व सावकारी यांवर. आईवडील लवकर निवर्तले. वडीलबंधू सावजी पत्नीवियोगाने विरक्त होऊन घर सोडून गेले. संसाराचा भार कोवळ्या खांद्यांवर आला, आणि तोच 1630 च्या सुमाराचा तो भीषण दुष्काळ कोसळला. थोरली पत्नी अन्नान्न करीत गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला, पत गेली. धाकटी पत्नी जिजाई तेवढी मागे राहिली, आणि भोवती एक ओसाड मुलूख.

चरित्रकार महिपतीबोवा सांगतात की यानंतर कर्जखतांची वाटणी झाली. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांच्या हाती देऊन तुकोबांनी आपला अर्धा वाटा इंद्रायणीत सोडला. वाचकांनी हे चित्र ध्यानात ठेवावे. त्या नदीने तुकोबांचे कागद पहिल्यांदा घेतले ते असे, त्यांच्याच हातून आणि त्यांच्याच इच्छेने.

पुढे ते भंडारा डोंगरावर एकांत धरू लागले. येथे एक गोष्ट सहसा नजरेतून निसटते. तुकोबा आरंभी कवी नव्हते, इतकेच काय, पुढे उभे राहून गाणारेही नव्हते. आपल्या आत्मकथनपर अभंगात ते स्वतःच कबूल करतात की प्रारंभी एकादशीला कीर्तन करीत असता अभ्यासात चित्त नव्हते; मग संतांची काही वचने श्रद्धेने पाठ केली, आणि जे पुढे गात त्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. आमच्या मते त्यांच्या साऱ्या साधनेचे मूळ येथे आहे. मागे उभा राहणारा एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतो. ती त्याच्या श्वासात, पावलात आणि टाळीत मुरते. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, कबीर यांची वचने अशी अंगात मुरल्यावर त्यांच्या घडणीचा साचाच अंगी उतरतो. मग स्वतःचे बोल सुचले की ते त्या साच्यात आपसूक पडतात.

तो साचा तरी किती हलका! मोठ्या अभंगाचे चार चरण: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे, व दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक. लहान अभंगाचे दोनच चरण, आठ-आठ अक्षरांचे. एक अक्षर गळले तर पावलाला ठेच लागल्यासारखे कळते, आणि एक शब्द विसरला तर यमक त्याला हाक मारून परत आणते. ध्रुपद दर कडव्याला घरी घेऊन येते, आणि शेवटी कवीचे नाव येऊन दार लावते. वीणा घरी राहिली, वही घरी राहिली, तरी बोटांवर अक्षरे मोजता येतात. नांगरामागे, जात्यावर, बैलावर गोणी लादून चालताना वापरता येईल असे हे पात्र आहे. स्वप्नात नामदेवराय पांडुरंगासह आले आणि त्यांनी कवित्वाची आज्ञा केली, असे तुकोबा सांगतात. त्या आज्ञेचे ओझे पेलण्याजोगा खांदा मात्र त्यापूर्वीच तयार झालेला होता.

तुकोबा गाऊ लागले, तसे भोवती सोबती जमले. परंपरा चौदा टाळकऱ्यांची नावे घेते. त्यांत कडूसचे गंगारामपंत मवाळ आणि चाकणचे संताजी जगनाडे हे अभंग उतरून घेत. तोंडातून निघालेला शब्द एकाच्या कानी पडे, दुसऱ्याच्या टाळेत शिरे आणि तिसऱ्याच्या लेखणीतून वहीत बसे. एकाच धनाच्या अशा तीन ठेवी झाल्या.

त्यांतील एक ठेव लुटण्याचा प्रसंग आलाच. पुण्याहून शिरूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वाघोली लागते. तेथील रामेश्वरभट्ट हे वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण. शूद्राच्या मुखातून वेदार्थ प्रकट होतो हे त्यांना सोसवले नाही, आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्यात असा आग्रह धरला गेला, असे परंपरा सांगते. नदीने दुसऱ्यांदा कागद घेतले. या वेळी ते ऋणाचे नव्हते, आयुष्याचे होते. तुकोबा नदीकाठच्या शिळेवर अन्नपाणी वर्ज्य करून तेरा दिवस पडून राहिले, आणि तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या, अशी भाविकांची श्रद्धा आहे. लोकांच्या मुखी असलेले अभंगच पुन्हा लिहून निघाले, असा अर्थ कित्येक अभ्यासक करतात. आम्हांस या दोहोंत भांडण दिसत नाही. ज्या कंठांनी ते परत दिले, ते कंठही त्याच विठ्ठलाचे.

आमचे बाळपण वेदपाठशाळेत गेले, म्हणून या प्रसंगातील एक विसंगती आम्हांस फार बोचते. वेद जगला तो वहीत नव्हे. संहिता, पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी तोच मंत्र सुलटा-उलटा विणून पूर्वजांनी तो राखला. उदात्त-अनुदात्ताचे चढउतार हाताच्या हालचालींनी दाखवले, आणि सामगायकांनी तर अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवून स्वर मोजले. दूर युरोपातही अकराव्या शतकातील गीदो नावाच्या संन्याशाच्या नावाने हाताच्या पेरांवर स्वर शिकवण्याची रीत पुढे प्रसिद्ध झाली. हात हेच वाद्य आणि हात हीच वही! ज्याची सारी विद्या अशी कंठात आणि हातात साठवलेली, त्या वैदिकाला एवढे तरी उमगायला हवे होते की कागद बुडवल्याने वाणी बुडत नसते. क्रोधाने आपल्याच विद्येचा धडा माणसाला कसा विसरायला लावला, हे पाहून आम्ही शास्त्री म्हणवणारांनी मान खाली घालावी.

फाल्गुन वद्य द्वितीयेस, 1650 साली, तुकोबांनी वैकुंठगमन केले. त्यानंतर जन्मलेले धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी 1685 साली पालखीसोहळा सुरू केला, आणि कंठाकंठांतील त्या ठेवीला वर्षातून एकदा एकत्र चालण्याची वाट मिळाली. शिरूरच्या घोडनदीकाठाशी ज्यांच्या घराण्याचे नाते परंपरा सांगते, ते पिंपळनेरचे निळोबाराय तुकोबांना देहाने कधी भेटले नाहीत. तरी तुकोबांनाच गुरू मानून ते वारकरी संतमालिकेतील शेवटचे मोठे कवी झाले. गुरू न भेटता गुरूचे बोल मिळाले, ते इतरांच्या मुखातूनच ना? पुढे शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, कडूस आदी ठिकाणची हस्तलिखिते जमवून मुंबई सरकारच्या साहाय्याने साडेचार हजारांहून अधिक अभंगांची गाथा छापली. ते काम 1873 साली पुरे झाले. लेखणीचे हे ऋण आम्ही नाकारीत नाही. संताजी नसते तर कंठ पुष्कळ काही विसरता.

एक गोष्ट मात्र वहीही राखू शकली नाही, आणि ती म्हणजे चाल. भंडाऱ्यावर तुकोबांनी कोणता अभंग कोणत्या सुरावटीत म्हटला, हे गाथा सांगत नाही. पलुस्कर-भातखंडे यांच्या स्वरलिपी यायला अडीचशे वर्षे अवकाश होता. आज आपण गातो त्या चाली तोंडोतोंडी आलेल्या आहेत. त्यांत कदाचित तुकोबांचा श्वास असेल, कदाचित एखाद्या अज्ञात टाळकऱ्याचा. हे मनात आले की शिरूरला हरवलेली आमची ती क्षुद्र चाल आठवते, आणि एवढी मोठी हानी पचवूनही परंपरा गात राहिली याचे नवल वाटते.

शिरूरच्या त्या फजितीनंतर काही वर्षांनी आम्ही पंढरीस जाण्यासाठी रात्री दौंड स्थानकावर गाडीची वाट पाहत बसलो होतो. पुन्हा तसेच झाले, चाल सुचली आणि पेटी जवळ नाही. या वेळी मात्र आम्ही शेजारच्या वृद्ध वारकऱ्याला म्हटले, बाबा, एवढे ध्रुपद धरा. त्यांनी गुडघ्यावर ताल धरला, आम्ही फलाटावर येरझारा घालीत चरण म्हटले. गाडी येईपर्यंत ती चाल आमची एकट्याची उरली नव्हती. आजही ती आम्ही म्हणतो. आमचे शिष्य आता चाल सुचताच मोबाइल तोंडाशी धरतात. आम्ही त्यांना हसत नाही. संताजींच्या वहीचाच तो नवा अवतार. फक्त एवढेच विचारतो, की ते पुन्हा ऐकलेस का, आणि कोणाला तरी म्हणायला लावलेस का? कारण आता वयोमानाने आमच्या स्मृतीला भोके पडू लागली आहेत, आणि आमचे जे दुसऱ्याच्या कंठात गेले तेवढेच उरेल, हे आम्हांस दिसते आहे.

रामेश्वरभट्टांचे पुढे काय झाले? ते तुकोबांना शरण आले, त्यांचे भक्त झाले आणि त्यांनी तुकोबांची आरती रचली. यंदा यवतच्या किंवा वरवंडच्या मुक्कामी सायंकाळी उभे राहण्याचा योग आला, तर वाचकांनी ती अवश्य ऐकावी. वह्या बुडवायला निघालेल्या त्या पुरुषाचे शब्द तेथे हजारो माणसे एका सुरात म्हणत असतात, आणि त्यांतील कोणाच्याही हाती वही नसते.