हुबरमन यांचे व्हायोलिन

झुबिन मेहता या मुंबईकरामुळे इस्रायल फिलहार्मोनिकचे नाव आपल्या कानावर असते. तो वाद्यवृंद उभारणारे ब्रॉनिस्लाव हुबरमन मात्र मला फार उशिरा भेटले.

1882 साली पोलंडमधल्या ज्यू घरात त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी व्हिएन्नात खुद्द ब्राम्स यांच्यासमोर त्यांनी ब्राम्सचाच कॉन्चेर्टो वाजवला. पुढे जगभर मानसन्मान, बिदागी, सारे मिळाले. 1933 मध्ये नाझी जर्मनीतून वादनाचे निमंत्रण आले. ते त्यांनी साफ नाकारले. ज्यू वादकांच्या नोकऱ्या तिकडे जात होत्या. हुबरमन यांनी वादक पारखले, निधी जमवला, परवाने मिळवले.

या धावपळीतच, फेब्रुवारी 1936 मध्ये, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधून त्यांचे स्ट्रॅडिव्हेरियस चोरीला गेले. मी असतो तर दार लावून बसलो असतो. हुबरमन थांबले नाहीत. डिसेंबरात तेल अवीवला तोस्कानिनींनी पहिली मैफल केली. सुमारे 70 वादक आणि त्यांची कुटुंबे वाचली होती.

हुबरमन 1947 मध्ये वारले. व्हायोलिन सापडले नव्हते. चोरीचे बिंग 1985 साली फुटले. ज्याच्याकडे ते होते, तो पठ्ठ्या इतकी वर्षे त्यावरच वाजवून पोट भरत होता!