रेव्ह. नारायण वामन टिळक यांनी यश कशास मानले

विंचूरचे नाव निघाले की पेशवाईतील सरदार विठ्ठल शिवदेव यांची आठवण होते. ते पानिपतच्या रणात होते, आणि त्यांच्या पराक्रमाने हे गाव विंचूरकरांचे म्हणून प्रसिद्धीस आले. जहागीर मिळविणारा तो यशस्वी, हे माप जुने आहे. आमच्या खेड्यांतील बंधूही त्याच मापाने मोजतात. फक्त जहागिरीच्या जागी द्राक्षांचा मळा, पक्के घर आणि मुलाची सरकारी नोकरी येते. कित्येक उपदेशकांच्या मनातही हीच टोचणी असते, हे आम्ही जाणतो. म्हणून याच जिल्ह्यात वाढलेल्या एका पुरुषाचे चरित्र येथे थोडक्यात देत आहो.

रेव्ह. टिळक यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आई लहानपणीच वारली. बापाचा स्वभाव कडक. तेव्हा मुलगा घर सोडून नाशकास आला व तेथे संस्कृत शिकला. जवळच्या जलालपूरच्या मुलीशी, म्हणजे लक्ष्मीबाईंशी, त्यांचा विवाह झाला. पुढे नागपुरास श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी ग्रंथांचे काम केले. विद्वान व कवी म्हणून लौकिक झाला. तेथेच राहते तर सुखाने राहते.

१८९३ साली आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. जात गेली, आप्त गेले, पत्नीही दुरावली. सुमारे पाच वर्षांनी लक्ष्मीबाई प्रभूच्या कळपात आल्या.

अहमदनगरास मिशनचा पगार मिळू लागला, पण तो घरात टिकत नसे. दारी आलेला गरजू विन्मुख जात नसे. अनाथ मुले त्यांच्या घरी वाढली, तरुण कवी बालकवी ठोंबरे हेही काही काळ तेथे राहिले. येथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे आम्हांस प्राप्त आहे. साधेपणाचे व्रत टिळकांचे, पण उद्याच्या पिठामिठाची काळजी लक्ष्मीबाईंची असे. एकाच्या विरक्तीचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर किती पडावे, हे टिळकांनी पुरते पाहिले होते असे आम्हांस वाटत नाही. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त हे सारे हसत लिहिले आहे, म्हणून ते ओझे हलके होते असे कोणी समजू नये.

१९१२ पासून ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते. त्यांची भजने मंडळ्यांतून गाइली जात होती. अशा मानाच्या वेळी, १९१७ साली, त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारू लागले. बाप्तिस्मा झालेले व न झालेले, सर्व ख्रिस्तभक्त एका ठिकाणी बसावेत, ही त्यांची इच्छा. पगारी माणसाचे बोलणे लोक पगाराचे समजतात, ही अडचण आमच्या उपदेशकांस नवी नाही. टिळकांनी ती आपल्यापुरती मुळासकट काढली. वय पंचावन्नाच्या पुढे, आणि प्रकृतीही साथ देईना. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही.

‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही अपुरे राहिले होते. जिने चुलीची काळजी वाहिली, त्याच लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहावयास घेतले. १९३६ साली त्याही निवर्तल्या, आणि १९३८ साली ग्रंथ छापून निघाला.