म्हातारी माणसं पुन्हा चालू शकतात, हे दाखवून देणाऱ्या डॉक्टर मार्जोरी वॉरन

घरात आजीचं खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन होतं आणि दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्ट वॉकर घेऊन हजर. टाके ओले असताना उभं कशाला करताय, असं घरच्यांना वाटतं. साधारण ९० वर्षांपूर्वी बहुतेक डॉक्टरांचंही मत असंच होतं. वय झालंय, पडून राहू द्या.

हे मत बदलण्यात मोठा वाटा होता डॉ. मार्जोरी वॉरन यांचा.

त्यांचा जन्म १८९७ चा, लंडनमधला. १९२३ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि १९२६ मध्ये लंडनच्या पश्चिमेला आयझलवर्थ इथल्या रुग्णालयात रुजू झाल्या. हेच पुढे वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटल म्हणून ओळखलं गेलं.

खरी गोष्ट सुरू होते १९३५ मध्ये. रुग्णालयाच्या शेजारी एक वर्कहाऊस होतं, म्हणजे निराधार गरिबांना ठेवायची सरकारी जागा. ते त्या वर्षी रुग्णालयाला जोडलं गेलं आणि तिथल्या ७१४ जणांची जबाबदारी वॉरन यांच्याकडे आली. त्यांत बरेचसे वृद्ध, काही वर्षानुवर्षं अंथरुणात. कुणाला नेमकं काय झालंय हे अनेकांच्या बाबतीत कुणी तपासलंच नव्हतं. म्हातारपण हाच आजार धरून चालले होते सगळे.

वॉरन यांनी एकेकाला तपासायला घेतलं. तेव्हा लक्षात आलं की कित्येकांचा मूळ आजार कधीच मागे पडला होता, आणि आताची अवस्था पडून राहिल्यामुळेच झाली होती. उतारवयात हालचाल थांबली की स्नायू झपाट्याने झिजतात. सांधे न हलवल्याने आखडतात आणि वाकलेले गुडघे मग सरळच होत नाहीत. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो. लघवीवरचा ताबा सुटतो. आणि माणूस आशा सोडतो, हे वेगळंच.

मग उपाय काय? औषध कमी, हालचाल जास्त. आधी अंथरुणातच हातपाय हलवायचे, मग बसायचं, मग उभं राहायचं, मग आधाराने चालायचं. पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेल्यांनाही हाच क्रम. पाय कापावा लागलेल्या वृद्धांनाही पुन्हा चालवता येतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

वॉर्डही बदलला. भिंतींना उजळ रंग आला, दिवे सुधारले, धरून चालायला कठडे बसले. पांघरुणंसुद्धा रंगीत झाली. एकटा डॉक्टर हे करू शकत नाही, म्हणून नर्स, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि रुग्णालयातले समाजसेवक यांची एकत्र टीम त्यांनी उभी केली. ऑक्युपेशनल थेरपिस्टचं काम म्हणजे अंघोळ, कपडे घालणं, जेवण अशी रोजची कामं माणसाला पुन्हा स्वतः करता येतील असं बघणं. आज ही टीम नेहमीची वाटते, तेव्हा वृद्धांसाठी एवढी माणसं गुंतवणं म्हणजे उधळपट्टीच वाटली असती.

पण हिशेब उलटाच निघाला. अनेक जण घरी किंवा वृद्धाश्रमात राहण्याइतपत बरे झाले. खाटा निम्म्याहूनही कमी लागू लागल्या, आणि मोकळ्या झालेल्या खाटा क्षयरोग्यांच्या कामी आल्या.

१९४३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आणि १९४६ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांनी हे अनुभव लिहिले. वृद्धांसाठी सामान्य रुग्णालयातच वेगळा विभाग हवा आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना तिथे शिकवलं जावं, ही त्यांची मागणी. १९४७ मध्ये वृद्धांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची संघटना निघाली, तिच्या सुरुवातीच्या सदस्यांत त्या होत्या. १९४८ मध्ये ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि या शाखेला तिथे जागा मिळाली.

१९६० मध्ये जर्मनीतल्या एका परिषदेला जाताना मोटार अपघातात वॉरन यांचा मृत्यू झाला. त्या ६२ वर्षांच्या होत्या आणि अजूनही वेस्ट मिडलसेक्समध्येच काम करत होत्या.