पॅरिसचा दप्तरदार

इतिहास लिहिला जातो तो बहुधा राजवाड्यांचा आणि रणसंग्रामांचा. गल्लीबोळ, दुकानांच्या पाट्या, जिन्यांचे कठडे, फेरीवाले यांची नोंद कोण ठेवतो? पॅरिस शहरापुरते हे कार्य यूजेन आत्जे या निर्धन छायाचित्रकाराने सुमारे तीस वर्षे एकहाती केले.

आत्जे यांचा जन्म १८५७ साली फ्रान्समधील लिबूर्न या गावी झाला. बालपणीच मातापित्यांचे छत्र हरपले. तरुणपणी त्यांनी काही काळ जहाजावर नोकरी केली. पुढे फिरत्या नाटकमंडळ्यांतून दुय्यम भूमिका केल्या. रंगभूमीवर यश लाभेना, तेव्हा तिशी उलटल्यावर त्यांनी कॅमेरा हाती घेतला. कलावंत म्हणून त्यांनी कधी मिरविले नाही. चित्रकारांना उपयोगी पडतील असे नमुने पुरविणारा, एवढीच आपली ओळख त्यांनी दारावरच्या पाटीवर लिहिली होती.

त्या काळी नव्या रस्त्यांसाठी जुन्या वस्त्या पाडल्या जात होत्या. १८९७ च्या सुमारास आत्जे यांनी जुन्या पॅरिसचा ध्यास घेतला. लाकडी कॅमेरा, तिवई आणि १८ बाय २४ सेंटिमीटरच्या जड काचा घेऊन ते भल्या पहाटे बाहेर पडत. चिंध्या वेचणारे, रस्त्यावर बाजा वाजविणारे, ओसाड अंगणे, दुकानांच्या दर्शनी काचा, सारे त्यांनी टिपले. ही चित्रे ग्रंथालये व संग्रहालये विकत घेत. त्यावरच त्यांचा चरितार्थ चाले.

वय झाले, वारस कोणी नाही. आपल्यामागे हा संग्रह अजाण हातांत पडून नष्ट होईल, ही चिंता त्यांना जाळीत होती. अखेर १९२० साली सुमारे २,६०० काचा त्यांनी १०,००० फ्रँकला फ्रेंच सरकारच्या स्वाधीन केल्या. १९२६ मध्ये नव्या विचारांच्या कलावंतांनी आपल्या नियतकालिकात त्यांची चित्रे छापली, तेव्हा आपले नाव घालू नये, अशी त्यांची अट होती. त्याच वर्षी त्यांची जीवनसहचरी निवर्तली आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी आत्जेही गेले. बेरेनिस अॅबट या तरुण अमेरिकन छायाचित्रकर्तीने मागे राहिलेला संग्रह खटपटीने मिळविला व जपला. १९६८ साली तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात सुरक्षित पोहोचला.

आपल्या घरोघरी समारंभांची आणि सत्कारांची छायाचित्रे पुष्कळ असतात. परंतु ज्या वाड्यातून आपण निघालो, त्याचा जिना, ओसरी, समोरचा वाणी यांचे चित्र किती जणांपाशी असेल? वाडा पडल्यावर ते काढता येत नाही. आत्जे यांनी वेळीच काढले, हीच त्यांची थोरवी.