डॉक्टर लांबो आणि आरोचीं खेडीं

पश्चिम आफ्रिकेंतील नायजेरिया देशांत अबेओकुटा नांवाचें योरुबा लोकांचें जुनें नगर आहे. तेथें १९२३ सालीं थॉमस अडेओये लांबो यांचा जन्म झाला. बाप्तिस्ट शाळेंत शिकून ते विलायतेस गेले, बर्मिंगहॅम येथें डॉक्टर झाले, आणि मनोविकारांचें विशेष शिक्षण घेऊन १९५४ सालीं आपल्याच नगराजवळील आरो येथील वेड्यांच्या इस्पितळांत रुजू झाले.

वेड हें केवळ शरीराचें दुखणें आहे, असें योरुबा लोक मानीत नसत. कोणाचा शाप, कोणाची करणी, पूर्वजांचा किंवा देवतेचा कोप, अशीं कारणें घरचीं माणसें शोधीत आणि रोग्यास दैवज्ञाकडे अथवा झाडपाल्याच्या वैद्याकडे नेत. ख्रिस्ती व मुसलमान झालेलीं घरेंहि याला अपवाद नसत. (आमच्या खेड्यांतील वाचकांस याचें नवल वाटणार नाहीं.) हे वैद्य एका झाडाचें मूळ देत. तें झाड आपल्याकडील सर्पगंधेच्याच जातीचें असून त्यानें रोगी खरोखर शांत होई. पण तेच वैद्य रोग्यास बेड्या घालीत व मारीतहि. सरकारनें १९०७ सालीं लागोसजवळ याबा येथें वेड्यांसाठीं घर उघडलें होतें. तेथेंहि आरंभीं कोंडून ठेवण्यापलीकडे फारसें कांहीं होत नसे.

लांबो आले तेव्हां नव्या इस्पितळाच्या इमारती पुऱ्या झाल्या नव्हत्या. त्यांनीं भोंवतालच्या खेड्यांतील वडीलधाऱ्यांस विनंति केली कीं, रोग्यांना भाड्यानें घरांत जागा द्यावी. अट एकच: रोग्याबरोबर आई, भाऊ, बहीण, कोणीतरी नातलग राहिलाच पाहिजे. नातलगानें रांधावें, धुवावें, आणि सकाळीं रोग्यास इस्पितळांत घेऊन यावें. तेथें औषधें व विजेचे उपचार होत. मग रोगी गांवांत परते, शेतावर काम करी, चारचौघांत मिसळे. बरा होऊन घरीं जातांना त्याची भीति बाळगणारें माणूस बरोबर नसे, कारण तें सारा वेळ त्याच्यापाशींच राहिलेलें असे. ज्याला कोणीच नातलग नाहीं त्याची मात्र या योजनेंत सोय लागणें कठीण. ही तिची उणीव खरी.

लांबोंनीं गांवठी वैद्यांनाहि कामांत घेतलें. पुष्कळ शिकलेल्यांनीं नाकें मुरडलीं. परंतु रोगी कशाला भितो हें वैद्यास ठाऊक असतें, अशी लांबोंची खात्री होती. देखरेख मात्र त्यांनीं आपल्या हातीं ठेवली.

१९६१ सालीं अबेओकुटा येथें आफ्रिकेंतील मनोविकारतज्ज्ञांची पहिली परिषद भरली, ती त्यांच्याच खटपटीनें. पुढें ते इबादान विद्यापीठाचे कुलगुरु झाले, आणि १९७३ पासून १९८८ पर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे उपमहासंचालक होते. मार्च २००४ मध्यें ते वारले. आरोचें इस्पितळ आजहि चालू आहे.