हिशेब मागणारा माणूस

गिरगावातल्या आमच्या शाखेत तपासणी लागली, की मॅनेजरसाहेबांचा चहा टेबलावरच निवायचा. मी तेव्हा तरुण अधिकारी. एका कर्जाच्या स्टॉक स्टेटमेंटवर गोदाम न पाहताच सही करून बसलो होतो. रिझर्व्ह बँकेचा तपासनीस लालबागच्या गोदामात जाऊन आला, तर तारणाचा निम्मा माल जागेवर नव्हता. मला राग आला तो त्या तपासनीसाचाच! चूक माझी होती, हे पुरते उमगले ते पुढे चिंतामणराव देशमुखांचे चरित्र वाचताना.

महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले. संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवली, आय.सी.एस. झाले आणि १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्या काळी लहान बँका कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवत आणि ठेवीदारांना घेऊन बुडत. १९४६ च्या वटहुकमाने सरकारच्या आदेशावरून बँका तपासण्याची वाट उघडली. १९४९ च्या कायद्याने रिझर्व्ह बँकेला हा अधिकार स्वतःचा मिळाला. माझ्या टेबलापर्यंत तो तपासनीस त्याच वाटेने आला होता.

१९५० ते १९५६ ते अर्थमंत्री होते. परळ-लालबागच्या गिरण्या काय किंवा इतर कंपन्या काय, कारभार बहुधा मॅनेजिंग एजंटांच्या हाती असे. भागधारकाच्या पदरात काही पडो न पडो, एजंटाचे कमिशन सुटत नसे. १९५६ च्या कंपनी कायद्याने त्यांच्या मोबदल्यावर निव्वळ नफ्याच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली. त्याच वर्षी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. पण मालक बदलला म्हणून नियत बदलत नाही. वर्षभरात आयुर्विमा महामंडळाचे सव्वा कोटीच्या आसपास रुपये मुंदडांच्या कंपन्यांत गुंतवले गेले. १९५८ साली न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि अर्थमंत्री कृष्णम्माचारींना पायउतार व्हावे लागले.

चिंतामणराव तेव्हा मंत्रिमंडळात नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ सालीच त्यांनी राजीनामा दिला होता. १९५९ साली त्यांनी उच्चपदस्थांवरील भ्रष्टाचाराच्या तक्रारींसाठी कायमचे स्वतंत्र न्यायाधिकरण मागितले. नेहरूंना ते पटले नाही. लोकपाल कायदा संसदेत मंजूर व्हायला २०१३ साल उजाडले. चिंतामणराव १९८२ सालीच गेले होते.

सध्या मी आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे. परवा ऑडिटरने दोन पावत्या पुन्हा मागितल्या, तेव्हा सभासद कुरकुरले. मी पावत्या काढून दिल्या आणि त्यांच्यासाठी चहा सांगितला. आमचा दोघांचाही चहा निवला नाही.